भिन्न धातूंचा सांधा आणि घर्षणाची उष्णता : बिडकीन परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘वेल्डिंग’ या क्रियेस ‘वितळजोडकाम’ असा शब्द रूढ आहे. दोन धातूंच्या कडा वितळवावयाच्या, त्यांचा रस एकत्र होऊ द्यावयाचा आणि तो थिजला म्हणजे सांधा तयार झाला, अशी कल्पना या शब्दात अनुस्यूत आहे. पोलादाला पोलाद जोडावयाचे असते तेव्हा ही कल्पना बहुतांशी बरोबर ठरते. परंतु ॲल्युमिनियमास पोलाद किंवा तांब्यास ॲल्युमिनियम जोडण्याचा प्रसंग आला की, हीच कल्पना कारागिरास फसविते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना आणि लोखंड १५३८ अंशांना. एक धातू मऊ पडावयास लागण्यापूर्वीच दुसऱ्याचे पाणी झालेले असते. बरे, दोन्ही वितळविण्यात यश आले तरी त्यांच्या मिश्रणातून जे थिजते ते बहुधा काचेसारखे ठिसूळ असते.

या अडचणीतून जो मार्ग निघाला तो अधिक उष्णतेचा नसून कमी उष्णतेचा आहे. धातू वितळू न देता, केवळ घर्षणाने मऊ करून दाबाखाली एकमेकांत मिसळावयाचे आणि असे सांधे पत्र्यांवर ठिपक्याठिपक्याने घ्यावयाचे, ही पद्धत गेल्या काही दशकांत विकसित झाली. तिला प्रस्तुत लेखात ‘घर्षण-ठिपकाजोड’ असे म्हटले आहे. ही पद्धत कोणत्या टप्प्यांनी घडत गेली, भिन्न धातूंच्या बाबतीत तिच्यात कोणत्या सुधारणा कराव्या लागल्या आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील बिडकीनसारख्या नव्या औद्योगिक क्षेत्राच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ काय, याचे विवेचन करणे हा या लेखाचा हेतू आहे. पद्धत नवी असली तरी तिच्या मुळाशी असलेली तत्त्वे गोदाकाठच्या कारागिरीस सर्वस्वी अपरिचित नव्हती, हे दाखविणेही या विवेचनात क्रमप्राप्त आहे.

२. गोदाकाठचे जुने सांधे

बिडकीन हे पैठण तालुक्यातील गाव औरंगाबाद शहरातून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) पैठणकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. या टापूत निरनिराळ्या धातूंचा संयोग साधणाऱ्या निदान चार रीती यंत्रयुगापूर्वीपासून प्रचलित होत्या.

पहिली रीत गावच्या लोहाराची. बारा बलुतेदारांपैकी लोहार हा शेतीच्या अवजारांचा आधार होता. कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे आणि धार पोलादाची, अशी योजना तो करी. मऊ लोखंड घाव सोसते, पण त्याची धार टिकत नाही. पोलादाची धार टिकते, पण सबंध अवजार पोलादाचे केल्यास ते महाग पडते व तडकण्याचे भय असते. लोहार हे दोन्ही तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवी, त्यांवर वाळू टाकून पृष्ठभागावरील जळ सुटी करी आणि घणाच्या घावांखाली त्यांचा सांधा करी. या क्रियेत तुकडे वितळत नाहीत. स्वच्छ झालेले दोन पृष्ठभाग दाबाने इतके निकट येतात की, त्यांच्यातील सीमा नाहीशी होते. ‘घन अवस्थेतील जोड’ असे ज्यास आज म्हणतात त्याचे हे सर्वांत जुने व सर्वांत परिचित उदाहरण होय.

दुसरी रीत जरीच्या तारेची. पैठणीच्या पदरात जी सोनेरी जर विणली जाई तिची तार अस्सल सोन्याची नसे. चांदीच्या लगडीवर सोन्याचा पातळ पत्रा लपेटून, ती तापवून व घासून दोन्ही धातू एकजीव करीत आणि मग अधिकाधिक लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ती ओढून केसासारखी बारीक तार काढीत. तार कितीही ओढली तरी सोन्याचा थर चांदीपासून सुटत नसे. याचे कारण कारागिराच्या हातोटीइतकेच त्या धातूंच्या स्वभावात आहे. सोने व चांदी हे एकमेकांत कोणत्याही प्रमाणात विरघळतात. त्यांच्या सीमेवर ठिसूळ संयुग तयार होत नाही. सगळ्या धातुजोड्या इतक्या सलोख्याने राहत नाहीत, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

तिसरी रीत बिदरीकामाची. या कलेचे मूळ पीठ बीदर असले तरी औरंगाबादेतही ती रुजलेली होती. बिदरीचे भांडे मुख्यत्वे जस्ताचे असून त्यात थोडे तांबे मिसळलेले असते. त्यावर नक्षी कोरून त्या चरांत चांदीची तार अथवा पत्रा ठोकून बसवितात. येथे अग्नीचा उपयोग जोडण्यासाठी मुळीच होत नाही. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, तर चांदीस ९६२ अंश लागतात. चांदी वितळवून जोडू म्हटले तर भांडेच नाहीसे व्हावयाचे. म्हणून कारागिराने चराच्या कडांमध्ये चांदी अडकवून ठेवण्याची, म्हणजे केवळ आकाराच्या पकडीची, युक्ती योजिली.

चौथी रीत कल्हईची. तांब्या-पितळेच्या भांड्यास नवसागर लावून ते तापवावयाचे, कथिलाचा तुकडा त्यावर फिरवावयाचा आणि कापसाच्या बोळ्याने तो सर्वत्र पसरावयाचा, हे दृश्य मराठी गावात पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले. कथील २३२ अंशांना वितळते; तांबे मात्र घनच राहते. नवसागर तांब्यावरील ऑक्साइडाचा पापुद्रा दूर करतो आणि उघड्या पडलेल्या तांब्याशी कथिलाचा संयोग होऊन दोहोंच्या मध्ये एक अत्यंत पातळ संयुगाचा थर बनतो. कल्हई चिकटून राहते ती या थरामुळे. परंतु भांडे अधिक वेळ तापत ठेवले तर हाच थर जाड होतो आणि कल्हई निकृष्ट होते. यास्तव कल्हईवाला हात चपळाईने चालवितो.

या चार रीतींतून चार तत्त्वे निष्पन्न होतात. पृष्ठभाग स्वच्छ करून दाब द्यावा, हे लोहाराचे. धातूंची परस्पर-विद्राव्यता ओळखावी, हे जरतारीच्या कारागिराचे. जेथे संयोग होत नाही तेथे आकाराने पकडावे, हे बिदरीचे. संयुगाचा थर असावा परंतु तो पातळ असावा, हे कल्हईचे. या कारागिरांनी ही तत्त्वे ग्रंथबद्ध केली नाहीत. आणि त्यांच्यापासून आधुनिक पद्धतीपर्यंत सरळ परंपरा आली, असेही येथे सुचवावयाचे नाही. आधुनिक पद्धतीचा उगम निराळ्या देशांत व निराळ्या गरजांतून झाला. तथापि तिला अखेर याच चार तत्त्वांपाशी यावे लागले.

३. विजेचा ठिपका

पातळ पत्रे ठिपक्यांनी जोडण्याची कल्पना विजेबरोबर आली. अमेरिकन संशोधक एलिहू टॉमसन यास विद्युत्-रोधाच्या उष्णतेने धातू जोडण्याच्या साधनाचे एकस्व १८८६ साली मिळाले. तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबून प्रचंड प्रवाह क्षणभर सोडला की, पत्र्यांच्या संपर्कस्थानी रोध अधिक असल्याने तेथेच धातू वितळतो आणि एक लहानशी गुठळी थिजून सांधा होतो. विसाव्या शतकात मोटारींचे सांगाडे पोलादी पत्र्यांचे होऊ लागल्यावर या पद्धतीने सर्व क्षेत्र व्यापले. एका मोटारीच्या सांगाड्यावर असे काही हजार ठिपके असतात. मराठवाड्यातील कारखान्यांत ‘स्पॉट मारणे’ हा वाक्प्रचार याच क्रियेचा आहे.

पोलादाच्या बाबतीत ही पद्धत स्वस्त, शीघ्र व खात्रीची ठरली. वाहनाचे वजन घटविण्यासाठी ॲल्युमिनियमाचे पत्रे येऊ लागले तेव्हा तिच्या मर्यादा उघड झाल्या. ॲल्युमिनियम हा विजेचा व उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने त्याच्या सांध्यास पोलादाच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह लागतो. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडाचा कठीण पापुद्रा असतो, त्यामुळे संपर्कस्थानचा रोध प्रत्येक वेळी निराळा पडतो. तांब्याची टोकेही लवकर खराब होतात. ॲल्युमिनियम व पोलाद एकत्र जोडावयाचे झाल्यास या अडचणींत ठिसूळ संयुगाची भर पडते. अशा वेळी रिबिटांचा किंवा चिकटद्रव्याचा आश्रय घेतला जाई. परंतु रिबिटाने वजन वाढते आणि चिकटद्रव्यास वाळण्यास वेळ लागतो.

४. घर्षणाचा विचार

घर्षणाने उष्णता उत्पन्न होते हे मनुष्यास अग्नी पाडण्याच्या काळापासून ठाऊक आहे. तिचे शास्त्रीय महत्त्व प्रथम ठळकपणे पुढे आले ते तोफेच्या कारखान्यात. म्यूनिक येथे तोफांच्या नळ्या कोरताना उत्पन्न होणाऱ्या अखंड उष्णतेवरून काउंट रम्फर्डने १७९८ साली असे प्रतिपादन केले की, उष्णता हे द्रव्य नसून गतीचेच रूप आहे. मात्र या उष्णतेचा धातू जोडण्याकडे उपयोग करण्याचा विचार पुढे येण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. अमेरिकेत जे. एच. बेव्हिंग्टन याने १८९१ साली या दिशेने एकस्व घेतले, पण त्याचा फारसा प्रसार झाला नाही.

खरी चालना मिळाली ती सोव्हिएट रशियात. ए. आय. चुडिकोव्ह या यंत्रकारागिराने १९५६ च्या सुमारास दाखवून दिले की, लेथवर एक दांडा फिरता ठेवून दुसरा स्थिर दांडा त्यावर दाबला आणि पुरेशी उष्णता होताच फिरणे थांबवून दाब वाढविला, तर दोन्ही दांडे घट्ट जोडले जातात. यात धातू वितळत नाही. पृष्ठभागावरील ऑक्साइड व मळ मऊ झालेल्या धातूबरोबर कडेने बाहेर फेकला जातो आणि आतील स्वच्छ धातू एकमेकांस भिडतात. लोहाराच्या घणाचे व वाळूचे कार्य येथे एकाच हालचालीत होते. १९६० नंतर अमेरिकेत व युरोपात ही पद्धत उद्योगांनी स्वीकारली. एंजिनाच्या झडपेचे डोके उष्णता सोसणाऱ्या एका पोलादाचे आणि दांडी झीज सोसणाऱ्या दुसऱ्या पोलादाचे, असे भिन्न धातूंचे सांधे तिच्या योगे मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. याच सुमारास, १९५० नंतरच्या दशकात, कानास ऐकू न येणाऱ्या द्रुत कंपनांनी पातळ धातू एकमेकांवर घासून जोडण्याची श्रवणातीत पद्धतही अमेरिकेत विकसित झाली. तीही मुळात घर्षणाचीच पद्धत होय.

चुडिकोव्हच्या पद्धतीस एक मोठी मर्यादा होती. जोडावयाच्या वस्तूंपैकी निदान एक फिरविता आली पाहिजे. दांडे व नळ्या फिरविता येतात. पत्रे फिरविता येत नाहीत. ही मर्यादा इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये दूर झाली. तेथील वेन टॉमस व त्याचे सहकारी यांनी डिसेंबर १९९१ मध्ये एका नव्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. जोडावयाच्या वस्तू स्थिर ठेवून एक तिसरेच कठीण हत्यार फिरते ठेवावयाचे, ही त्यातील मुख्य कल्पना. या हत्याराला एक रुंद खांदा व त्याच्या मध्यभागी एक आखूड खुंटी असते. खुंटी दोन पट्ट्यांच्या फटीत शिरते, खांदा पृष्ठभागावर घासला जातो, बहुतेक उष्णता खांद्यापाशी उत्पन्न होते आणि मऊ झालेला धातू खुंटीभोवती ढवळला जाऊन मागे भरत जातो. ॲल्युमिनियमाच्या बाबतीत तपमान साधारणतः ४०० ते ५०० अंशांपर्यंत चढते, म्हणजे वितळबिंदूच्या बरेच खाली राहते. शिवाय या घुसळणीत धातूचे स्फटिककण बारीक होतात, त्यामुळे सांधा चिवट बनतो. वितळजोडास दाद न देणारी विमानबांधणीची ॲल्युमिनियम-संमिश्रे या पद्धतीने जोडता येऊ लागली. पुढील काही वर्षांतच जहाजांचे तक्ते व अग्निबाणांच्या इंधन-टाक्या तिने जोडल्या जाऊ लागल्या. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयावर संशोधन झाले.

५. रेषेपासून ठिपक्याकडे

टॉमसची पद्धत रेषेत सांधा घेते. मोटारीच्या कारखान्यास मात्र ठिपक्याची सवय होती. हत्यार पुढे न सरकवता एकाच जागी खाली दाबले, काही क्षण फिरते ठेवले आणि वर उचलले, तर ठिपका मिळेल, हा विचार त्यामुळे स्वाभाविक होता. जपानमधील माझदा कंपनीने २००३ साली आरएक्स-८ या गाडीच्या ॲल्युमिनियमी मागील दारांसाठी हा ठिपका प्रत्यक्ष उत्पादनात आणला. ॲल्युमिनियमाच्या विद्युत्-ठिपक्याच्या तुलनेत वीज सुमारे ९९ टक्क्यांनी कमी लागते, असे कंपनीने त्या वेळी जाहीर केले होते. मोठा प्रवाह, पाण्याने थंड ठेवावयाची टोके व ठिणग्या हे सर्व या पद्धतीत टळते.

येथवर दोन्ही पत्रे ॲल्युमिनियमाचे होते. भिन्न धातूंच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष म्हणजे २००५. त्या वर्षी याच कंपनीने एमएक्स-५ या गाडीत मागच्या झाकणाच्या ॲल्युमिनियमास पोलादाचा भाग घर्षण-ठिपक्याने जोडला. या सांध्यात वापरलेले पोलाद जस्ताचा मुलामा दिलेले होते, आणि ही निवड केवळ गंज टाळण्यापुरती नव्हती. जस्त व ॲल्युमिनियम यांचे एक मिश्रण ३८१ अंशांनाच वितळते. घर्षणाच्या उष्णतेने मुलाम्याचा हा थर पातळ होऊन दाबाखाली कडेने बाहेर निघून जातो आणि जाताना पृष्ठभागावरील ऑक्साइड व मळ आपल्याबरोबर वाहून नेतो. मागे उरतात ते दोन स्वच्छ पृष्ठभाग. कल्हईवाल्याच्या हाती जे काम नवसागर करतो, तेच काम येथे जस्त करते.

तरीही या ठिपक्यात एक वैगुण्य राहिले. हत्यार वर उचलल्यावर खुंटीच्या जागी खळगा उरतो. त्यामुळे सांध्याचा छेद कमी होतो, पाणी साचून गंजास वाव मिळतो व पृष्ठभाग ओबडधोबड दिसतो. यावर जर्मनीतील गीस्टाख्ट येथील संशोधन केंद्रात उपाय निघाला. तेथील हत्यारात मध्यभागी खुंटी, तिच्याभोवती स्वतंत्रपणे सरकणारी बाही आणि सर्वांबाहेर पत्रे दाबून धरणारे कडे असते. फिरती बाही पत्र्यात शिरते तेव्हा खुंटी वर सरकते आणि बाजूस सारलेला मऊ धातू तिने मोकळ्या केलेल्या जागेत साठविला जातो. नंतर हालचाल उलट होते. बाही वर येते आणि खुंटी तो साठा पुन्हा खळग्यात दाबून भरते. ठिपका पृष्ठभागाशी समतल राहतो. ही सुधारणा यंत्राच्या दृष्टीने गुंतागुंतीची आहे, कारण धातू बाही व खुंटी यांच्या फटीत शिरून चिकटतो व हत्यार वारंवार स्वच्छ करावे लागते. याच्या उलट दिशेने खुंटीच काढून टाकून केवळ सपाट अथवा खाचा पाडलेल्या खांद्याने पातळ पत्रे जोडण्याचेही यशस्वी प्रयत्न झाले. खुंटी नाही म्हणजे खोल खळगा नाही. मात्र जाड पत्र्यांस ही युक्ती पुरत नाही.

६. ठिसूळ थराचा अडसर

भिन्न धातूंच्या घर्षण-ठिपक्यातील बहुतेक सुधारणा एकाच शत्रूविरुद्ध आहेत. तो म्हणजे दोन धातूंच्या सीमेवर वाढणारा आंतरधातवीय संयुगांचा थर. लोखंड घन ॲल्युमिनियमात जवळजवळ विरघळतच नाही. त्यांची भेट होताच लोखंडाचे दोन व ॲल्युमिनियमाचे पाच, किंवा लोखंडाचा एक व ॲल्युमिनियमाचे तीन, अशा अणुप्रमाणाची संयुगे बनतात. ही संयुगे कठीण असतात, पण लवत नाहीत. सोन्या-चांदीच्या सलोख्याच्या हे अगदी उलट आहे. थर मुळीच नसेल तर धातू जुळलेलेच नाहीत असे समजावे; तो पातळ व अखंड असेल तर सांधा उत्तम; तो साधारणतः १० मायक्रोमीटरच्या पुढे गेला की भेग त्यातूनच धावते. मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाने सांध्याचे भवितव्य ठरते, असा याचा अर्थ होय.

या थराची वाढ तपमानाबरोबर झपाट्याने व वेळेबरोबर हळूहळू होते. म्हणून फिरण्याचा वेग, दाबून धरण्याचा काळ व हत्याराची खोली या तीन गोष्टींचा मेळ घालणे हे संशोधकांचे मुख्य कार्य झाले. वेग कमी ठेवला तर धातू पुरेसा मऊ होत नाही व जोड अपुरा राहतो. वेग व काळ वाढविला तर जोड पूर्ण होतो, पण थर जाडावतो. सर्वोत्तम बिंदू या दोहोंच्या मध्ये असतो आणि तो पत्र्याची जाडी व संमिश्राची जात यांनुसार बदलतो.

हत्याराच्या खोलीच्या बाबतीतही असाच अनुभव आला. ॲल्युमिनियमाचा पत्रा वर व पोलादाचा खाली ठेवून खुंटी पोलादात खोल शिरवली, तर हत्यार झिजते. तिने पोलादास स्पर्शच केला नाही, तर पोलादावरील ऑक्साइड तसाच राहतो. खुंटीने पोलादाचा पृष्ठभाग जेमतेम खरवडावा, ही तडजोड त्यातून निघाली. काही मांडणीत खालचा धातू वर उचलला जाऊन वरच्या धातूत आकड्यासारखा घुसतो. हा आकडा मर्यादित असला म्हणजे बिदरीच्या चरातील चांदीप्रमाणे आकाराची पकड लाभते. तो फार उंच गेला तर वरच्या पत्र्याची जाडी घटून सांधा तेथेच फाटतो.

तांबे व ॲल्युमिनियम ही जोडी आणखी नाजूक आहे. या दोहोंचे एक मिश्रण ५४८ अंशांनाच वितळते, म्हणजे ॲल्युमिनियमाच्या वितळबिंदूहून शंभरावर अंश खाली. घर्षणाची उष्णता थोडी अधिक झाली की, दोहोंपैकी एकही धातू स्वतंत्रपणे वितळण्यापूर्वी त्यांच्या सीमेवर रस उत्पन्न होतो आणि तो थिजून ठिसूळ संयुगांचे जाळे मागे ठेवतो. शिवाय तांबे-ॲल्युमिनियमाचे सांधे बहुधा वीज वाहून नेण्यासाठी असतात, आणि या संयुगांचा विद्युत्-रोध दोन्ही मूळ धातूंपेक्षा अधिक असतो. थर जाड म्हणजे रोध अधिक. रोध अधिक म्हणजे वापरातील उष्णता अधिक. आणि उष्णता अधिक म्हणजे थर आणखी जाड. हे दुष्टचक्र कारखान्यातून सांधा बाहेर पडल्यानंतरही चालू राहते. दमट हवेत तांब्याच्या सान्निध्यातील ॲल्युमिनियम लवकर गंजते, ही भर त्यात पडते. या चक्रास आवर घालण्यासाठी मध्ये जस्तासारख्या तिसऱ्या धातूचा पातळ पत्रा ठेवणे, सांधा घेताना उष्णता झटपट काढून घेणे, असे उपाय अभ्यासिले गेले. त्या सर्वांचे सूत्र एकच : जुळण्यापुरती उष्णता, त्याहून अधिक नाही.

७. बिडकीनचा संदर्भ

या इतिहासाचा बिडकीनशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. मराठवाड्याचा हा भाग दीर्घकाळ कोरडवाहू शेतीचा होता. १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाने त्याच्या पाण्याचे चित्र बदलले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर औरंगाबादच्या पूर्वेस चिकलठाणा व पुढे पश्चिमेस वाळूज या वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आश्रयाने दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या कर्मशाळांचे जाळे विणले गेले. पोलादी पत्रा वाकविणे, छिद्रे पाडणे, स्पॉट मारणे ही कौशल्ये या जाळ्यातून हजारो हातांत उतरली.

दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या योजनेत शेंद्रा व बिडकीन यांचा समावेश झाल्यावर शहराच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर बिडकीन औद्योगिक क्षेत्र आकारास आले. सुमारे ७,८५५ एकरांचे हे क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रार्पण करण्यात आले. त्याच वर्षी जून महिन्यात विद्युत् दुचाकी बनविणाऱ्या एथर एनर्जी कंपनीने आपल्या नव्या कारखान्यासाठी या क्षेत्राची निवड जाहीर केली, तर जुलैअखेर टोयोटा किर्लोस्कर मोटरने येथील नियोजित मोटार कारखान्याबाबत राज्यशासनाशी सामंजस्य करार केला.

विद्युत् वाहनाबरोबर भिन्न धातूंचा प्रश्न अपरिहार्यपणे येतो. विद्युत्-घटांच्या संचात एका ध्रुवाकडे ॲल्युमिनियम व दुसऱ्याकडे तांबे अथवा निकेल लावलेला धातू असतो, आणि शेकडो घट एकमेकांस जोडावयाचे म्हणजे हे धातू कोठेतरी भेटणारच. संचाच्या वजनाची भरपाई करण्यासाठी सांगाड्यात पोलादाशेजारी ॲल्युमिनियम येते. हे सांधे घेण्यासाठी उद्योगात श्रवणातीत कंपने, लेसर-किरण व विद्युत्-रोध या पद्धतींचा वापर होतो. घर्षण-ठिपका हा त्यांच्या जोडीचा एक पर्याय आहे. कोणता कारखाना कोणती पद्धत स्वीकारील हा त्या त्या कारखान्याच्या हिशेबाचा भाग होय. पण पद्धत कोणतीही असो, ठिसूळ थराचा नियम सर्वांस सारखाच लागू आहे.

येथेच या परिसरापुढील खरा प्रश्न आहे. पोलादी ठिपक्याची परीक्षा कर्मशाळेतील कामगार स्वतः करू शकतो. छिन्नी घालून पत्रे सोलावयाचे. एका पत्र्यातून धातूचा गोल तुकडा उपटून दुसऱ्यास चिकटून आला की ठिपका चांगला. भिन्न धातूंच्या सांध्यास ही परीक्षा पुरेशी नाही. आज नीट उतरलेला सांधा काही वर्षांच्या तापण्या-निवण्यानंतर कसा राहील, हे सोलून कळत नाही. त्यासाठी छेद घासून सूक्ष्मदर्शकाखाली थराची जाडी मोजावी लागते, रोध मोजावा लागतो, पुनःपुन्हा भार देऊन व तापवून पाहावे लागते. चांगला व वाईट यांतील अंतर १० मायक्रोमीटरांचे असल्याने ते डोळ्यास दिसत नाही. म्हणजे पत्राकामाचे चार दशकांत कमावलेले कौशल्य केवळ यंत्र बदलून नव्या कामास लागू पडणार नाही. त्याला धातुविज्ञानाची जोड मिळाली पाहिजे. ती न मिळाल्यास हत्याराचा वेग, दाब व काळ यांचे आकडे बाहेरून ठरून येतील आणि ज्या गावांच्या शेतजमिनीवर हे क्षेत्र उभे राहिले, तेथील तरुणांच्या वाट्यास कळ दाबण्याचे काम तेवढे राहील. आकडे कोणी ठरविले हे ज्यास ठाऊक नाही, त्यास पत्र्याची जाडी बदलली तरी नवे आकडे ठरविता येत नाहीत.

ही जोड देण्याची साधने या जिल्ह्यात नाहीत असे नव्हे. औरंगाबादेत विद्यापीठ १९५८ साली व शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली स्थापन झाले. हत्यारघडणीचे शिक्षण देणारी भारत-जर्मन सहकार्यातून उभी राहिलेली संस्थाही येथे आहे. या विषयाचा एक विशेष असा की, त्याच्या संशोधनाचा आरंभ अल्प खर्चात करता येतो. घर्षण-ठिपक्यावरील पुष्कळसे प्रयोग निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी साध्या उभ्या मिलिंग यंत्रावरच केले आहेत. कठीण पोलादाचे हत्यार, पत्रे घट्ट धरण्याची चौकट, तपमान मोजण्याच्या तारा व छेद पाहण्यास सूक्ष्मदर्शक एवढी सामग्री प्रारंभास पुरते. १९९१ च्या मूळ एकस्वाची वीस वर्षांची मुदतही संपली असल्याने मूलभूत पद्धत सर्वांस खुली आहे. उरते ते प्रत्येक धातुजोडीसाठी व प्रत्येक जाडीसाठी योग्य वेग, काळ व खोली शोधून काढण्याचे चिकाटीचे काम. आणि हे काम स्थानिक प्रयोगशाळा व स्थानिक कर्मशाळा यांनी मिळून करण्याजोगे आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, भिन्न धातू जोडण्याचा इतिहास हा अधिकाधिक उष्णता मिळविण्याचा इतिहास नाही. विजेने वितळविण्याची सोय झाल्यावर काही काळ तसे भासले. परंतु ॲल्युमिनियमाने व विशेषतः मिश्र जोड्यांनी संशोधकांना पुन्हा घन अवस्थेकडे वळविले. दुसरा असा की, घर्षण-ठिपक्यातील महत्त्वाच्या सुधारणा — जस्ताच्या थराचा उपयोग, खळगा भरून काढणारे हत्यार, खुंटीची मर्यादित खोली, अल्प काळ — या बहुतांशी एका पातळ थरावर ताबा मिळविण्यासाठी झाल्या आहेत. तिसरा निष्कर्ष परिभाषेसंबंधी आहे. ‘वितळजोडकाम’ हा शब्द ज्या क्रियेत धातू वितळतो तेथे योग्यच आहे; पण घर्षणाने, कंपनाने अथवा घणाने घन अवस्थेत होणाऱ्या जोडास तो लावल्यास विद्यार्थ्याच्या मनात मूळ तत्त्वाविषयीच विपर्यास उत्पन्न होतो. अशा क्रियांस ‘घनजोडकाम’ म्हणावे व वितळजोडकाम आणि घनजोडकाम हे दोन्ही ‘जोडकाम’ या व्यापक संज्ञेचे पोटभेद मानावेत, हे अधिक सयुक्तिक होईल.

चौथा निष्कर्ष बिडकीनपुरता नाही, पण बिडकीनच्या उदाहरणाने तो स्पष्ट होतो. कल्हईवाल्यास संयुगाच्या थराचे नाव ठाऊक नव्हते, तरी भांडे किती तापले म्हणजे हात उचलावा हे तो जाणत होता. कारण ते ज्ञान त्याने स्वतःच्या भट्टीवर मिळविले होते. नव्या सांध्यात थर दृष्टीआड गेला असून तो पाहण्यासाठी प्रयोगशाळेचा डोळा लागतो. तो डोळा कर्मशाळेच्या निकट आणण्याचे कार्य या प्रदेशातील शिक्षणसंस्थांकडे येते, आणि बिडकीनच्या कारखान्यांत होणाऱ्या सांध्यांचे ज्ञान या प्रदेशात राहते की नाही, हे बव्हंशी त्यावर अवलंबून आहे.